ढगात शिरण्याआधी



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते भूगोलाचे शिक्षक होते. या गावातल्या कित्येक मुलांना त्यांनी नकाशा वाचायला शिकवलं. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत, हँगरमध्ये गेली. अपघातांचे चौकशी अहवाल वाचणं हा आमच्या कामाचाच भाग असे. आपल्या हातून काय सुटू शकतं, हे त्यातून कळायचं. तो नाद निवृत्तीनंतरही सुटला नाही. भूगोल आणि अहवाल हे दोन्ही ज्या एका देशात एकमेकांना येऊन भिडतात, तो देश आज मी बोलण्यासाठी निवडला आहे. तो म्हणजे आपला शेजारी, नेपाळ. बोलणार आहे ते तिथल्या लहान विमानांबद्दल.

लहान विमान म्हणजे साधारण एकोणीस आसनांपर्यंतचं. हा आकडा असाच पडलेला नाही. एकोणीसपेक्षा जास्त आसनं असली की केबिन कर्मचारी ठेवावाच लागतो, असा अमेरिकेतला नियम आहे. त्यामुळे अनेक विमानांची रचनाच एकोणीस आसनांवर थांबली. कॅनडात बनलेलं ट्विन ऑटर हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं विमान. १९६५ साली ते पहिल्यांदा उडालं. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, पंख वरच्या बाजूला, चाकं न मिटणारी. आखूड आणि ओबडधोबड धावपट्टीवर उतरायचं, तिथूनच उडायचं, यासाठीच ते बनवलेलं. मोठं विमान पडलं की जगभर महिनाभर चर्चा चालते. एकोणीस आसनांचं विमान पडलं की दोन दिवस बातमी येते, तिसऱ्या दिवशी मृतदेह खाली आणल्याचा फोटो येतो आणि विषय संपतो. अहवाल यायला वर्ष जातं. तोवर तो वाचायला कुणी उरलेलं नसतं. माझं आजचं म्हणणं त्या न वाचलेल्या अहवालांबद्दल आहे.

नेपाळमध्ये १९४९ पर्यंत विमान उतरलेलंच नव्हतं. त्या वर्षी भारताचे राजदूत सुरजितसिंग मजिठिया यांचं छोटं बीचक्राफ्ट बोनांझा विमान काठमांडूजवळच्या गौचरच्या माळावर उतरलं. गौचर म्हणजे गाई चरण्याची जागा. तोच माळ पुढे त्रिभुवन विमानतळ झाला. १९५८ मध्ये रॉयल नेपाळ एअरलाइन्स स्थापन झाली. दऱ्याखोऱ्यांच्या त्या देशात रस्ता पोचायच्या आधी धावपट्टी पोचली. जुम्ला, डोल्पा, हुम्ला या भागांत मीठ, तांदूळ, औषधं, शिक्षक, मतपेट्या आणि अडलेली बाळंतीण यांची ने-आण विमानानेच होऊ लागली. आपल्याकडे डोंगरातल्या वाडीला एसटीची जी फेरी असते, तीच जागा तिथे ट्विन ऑटरची आहे. हे नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. तिथे विमान ही चैन नाही. ते बंद ठेवा म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याच्याशी तसं बोलून पाहा.

लुक्ला हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. एव्हरेस्टकडे जाणारे गिर्यारोहक तिथे उतरतात. १९६४ मध्ये सर एडमंड हिलरी यांनी ती धावपट्टी बांधून घेतली. तिथल्या खुम्बू भागातल्या शेर्पांसाठी शाळा आणि दवाखाने उभे करायचे होते आणि त्यासाठीचं सामान पाठीवरून नेऊन पुरवठ्याला येत नव्हतं. शेर्पांकडून जमीन घेतली, झुडपं तोडली आणि माती दबावी म्हणून गावकऱ्यांना तिथे नाचायला लावलं, असं सांगतात. धावपट्टीची लांबी ५२७ मीटर, उंची २,८४५ मीटर आणि चढ जवळजवळ बारा टक्के. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. उतरताना विमान चढावर थांबतं, उडताना उतारावरून धावतं. एकदा उतरायच्या शेवटच्या टप्प्यात आलं, की पुन्हा वर उचलून फेरी मारायला जागा नाही.

हिलरींचं नाव घेतलं, तर त्यांच्या वाट्याला आलेला अपघातही सांगायला हवा. तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत लहान कारणाचा अपघात आहे. १९७५ च्या मार्चमध्ये हिलरी फाफ्लू इथे रुग्णालयाच्या बांधकामावर होते. ३१ मार्चला त्यांची पत्नी लुईस आणि शाळकरी वयाची धाकटी मुलगी बेलिंडा काठमांडूहून त्यांच्याकडे यायला निघाल्या. विमान एका इंजिनाचं पिलाटस पोर्टर. उड्डाण केल्यावर काही क्षणांतच ते कोसळलं. लुईस आणि बेलिंडा दोघीही गेल्या. कारण असं, की पंखांवरच्या हलत्या भागांना लावलेल्या अडकवण्याच्या पिना काढल्याच नव्हत्या.

इथे मी थोडा थांबतो, कारण हे माझ्या हातातलं काम आहे. पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे, एक बिजागरीवर हलणारा भाग असतो. त्याला आम्ही एलेरॉन म्हणतो. एका पंखाचा वर, दुसऱ्याचा खाली, असं केलं की विमान कुशीवर झुकतं आणि वळतं. विमान मैदानात उभं असताना वाऱ्याच्या झोतांनी हा भाग आपटत राहतो, बिजागऱ्या ढिल्या होतात. म्हणून रात्री त्याला पीन किंवा पाचर लावून जखडून ठेवतात. त्या पिनेला लाल कापडाची लांब पट्टी असते, लांबूनही डोळ्यांत भरावी अशी. उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती पायी फेरी मारतो. तेव्हा ती दिसायला हवी. तिथे नजर चुकली, तरी कॉकपिटमध्ये बसल्यावर दांडा डावीकडे-उजवीकडे पूर्ण हलवून पाहायचा असतो. पीन असेल तर दांडा हलतच नाही. म्हणजे एका पिनेसाठी दोन वेगवेगळ्या तपासण्या ठेवलेल्या आहेत आणि दोन्ही मिळून अर्ध्या मिनिटाच्या. त्या सकाळी दोन्हींतून ती पीन निसटली. हँगरमध्ये नव्या मुलांना शिकवताना मी हाच अपघात सांगत असे. ज्या माणसाने त्या प्रदेशात विमान पोचवलं, त्याचं घर एका पिनेने उद्ध्वस्त झालं. हिलरींनी मात्र त्यानंतरही खुम्बूतलं काम सोडलं नाही. 

पण पिनेसारखी कारणं विरळा. नेपाळमधल्या लहान विमानांच्या अपघातांचे अहवाल एकाखाली एक ठेवले, तर एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. विमान धडधाकट, दोन्ही इंजिनं चालू, वैमानिक शुद्धीवर, विमान त्यांच्या ताब्यात. आणि ते सरळ डोंगरावर जातं. आमच्या भाषेत याला नियंत्रणात असलेल्या विमानाची जमिनीशी टक्कर म्हणतात. कारण एकच, समोरचा डोंगर ढगात होता. तिथल्या वैमानिकांत एक म्हण आहे, की आम्ही ढगात शिरत नाही, कारण आमच्या ढगांत खडक असतात. म्हण सगळ्यांना पाठ आहे. तरीही माणसं ढगात शिरतात. का शिरतात, हाच माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

आता पोखरा ते जोमसोम ही वाट पाहू. आपल्याकडच्या बऱ्याच यात्रेकरूंना ती ठाऊक आहे, कारण मुक्तिनाथाला विमानाने जायचं तर जोमसोमला उतरावं लागतं. तुमच्या देवघरातला शाळिग्राम ज्या नदीतून येतो, त्या काली गंडकीच्या खोऱ्यातून हे विमान जातं. एका हाताला धौलागिरी, ८,१६७ मीटर. दुसऱ्या हाताला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. दोन शिखरांत अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर आणि मधून नदी वाहते ती अडीच हजार मीटरच्या आसपास. जोमसोमची धावपट्टी सुमारे २,७०० मीटरवर. पोखऱ्याहून घोरेपानीची खिंड ओलांडून विमान खोऱ्यात शिरतं. सारा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा.

ट्विन ऑटरच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. त्यामुळे प्राणवायूशिवाय ते फार उंच जाऊ शकत नाही. डोंगरांवरून नाही, डोंगरांमधूनच जावं लागतं. दुसरी अडचण वाऱ्याची. ऊन चढलं की खोऱ्यातून दक्षिणेकडून वर असा जोराचा वारा सुटतो, की दुपारी तिथे विमान उतरवणं अवघड. म्हणून फेऱ्या सकाळी. आणि डोंगरात ढग कधी असतात? तर पुष्कळदा सकाळीही. म्हणजे वैमानिकाच्या हाती जो काळ उरतो, तो ढग हटल्यापासून वारा सुटेपर्यंतचा. कधी दोन तास, कधी अर्धा, कधी काहीच नाही. या वाटेवर नियम दृष्टीच्या उड्डाणाचा आहे. डोळ्यांनी डोंगर दिसला पाहिजे, दिसला नाही तर परत फिरायचं.

या वाटेवर २२ ऑगस्ट २००२ रोजी शांग्रिला एअरचं ट्विन ऑटर पडलं, १८ जण गेले. १४ मे २०१२ रोजी अग्नी एअरचं डॉर्नियर जोमसोमला उतरायचा प्रयत्न सोडून वळताना डोंगराला घासलं. २१ पैकी १५ जण गेले. त्यात मुंबईची बालकलाकार तरुणी सचदेव आणि तिची आई होती. तरुणीचा त्या दिवशी चौदावा वाढदिवस होता. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी तारा एअरचं ट्विन ऑटर म्याग्दी जिल्ह्यात कड्यावर आदळलं, २३ जण गेले. आणि २९ मे २०२२ रोजी त्याच कंपनीचं दुसरं ट्विन ऑटर मुस्तांग जिल्ह्यात सानोस्वारे इथे पडलं. त्यातले २२ जण गेले. त्यात ठाण्याच्या एकाच कुटुंबातली चार माणसं होती.

२०२२ च्या त्या सकाळी हवामानामुळे उड्डाण लांबलं होतं. मग आधी निघालेली विमानं जोमसोमला पोचल्याचं कळलं आणि हेही निघालं. पुढे घोरेपानीच्या परिसरात असताना संपर्क तुटला. सापडलं ते दुसऱ्या दिवशी, सुमारे साडेचौदा हजार फुटांवर. विमान १९७९ सालचं होतं. लगेच सगळीकडे सुरू झालं, की एवढं जुनं विमान उडवतातच कसं. यात्रेकरूंचा तो राग मी समजू शकतो. पण २०१६ चं विमान कोरं होतं, कंपनीकडे येऊन अर्धं वर्षही झालं नव्हतं. एक त्रेचाळीस वर्षांचं, एक काही महिन्यांचं. वाट तीच, ढग तेच, शेवट तोच. २०१६ च्या अहवालाने कारण दिलं ते असं, की वैमानिकांनी हवामान प्रतिकूल असताना वारंवार ढगात शिरायचा निर्णय घेतला, मग नेहमीच्या मार्गावरून भरकटले. २०२२ च्या अहवालाने म्हटलं, की ढगात असताना योग्य मार्ग राखला गेला नाही आणि डोंगराची सूचना देणारं यंत्र बंद केलेलं होतं.

हे यंत्र कसलं, ते सांगतो, कारण या गोष्टीतला सर्वांत बोलका भाग तो आहे.

कॅनडात जन्मलेले डॉन बेटमन नावाचे एक अभियंता होते. २०२३ मध्ये ते वारले. त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस एक उपकरण केलं. विमानाच्या पोटाखालून रेडिओ लहरी जमिनीवर सोडायच्या, परत आल्या की अंतर मोजायचं आणि जमीन फार वेगाने जवळ येत असेल तर कॉकपिटमध्ये आवाज करायचा. १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ एक मोठं विमान ढगात टेकडीवर आदळून ९२ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या विमानांना ते सक्तीचं झालं. पण त्याला फक्त खालचं दिसे. समोर सरळ उभा कडा असेल तर तो कळेपर्यंत उशीर होई. मग नव्वदच्या दशकात बेटमन यांनी वेगळा विचार केला. साऱ्या जगाच्या उंचसखलपणाचा नकाशाच यंत्रात भरायचा, उपग्रहावरून विमानाची जागा घ्यायची आणि पुढे काय आहे ते आधीच सांगायचं. अडचण एवढीच, की असा नकाशा आणायचा कुठून? तो सोव्हिएत लष्कराने वर्षानुवर्षं खपून केलेला होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते नकाशे विकत मिळू लागले आणि बेटमन यांनी आपल्या कंपनीला ते घ्यायला लावले. युद्धासाठी काढलेल्या नकाशांनी नंतर असंख्य प्रवाशांचे जीव वाचवले. मोठ्या विमानांचे असे अपघात आज जवळपास संपले आहेत, त्याचं मोठं श्रेय या एका यंत्राला जातं.

मग हे यंत्र असताना ते बंद का करतात? कारण काली गंडकीच्या खोऱ्यात ते गप्पच बसत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर. यंत्र म्हणतं, 'टेरेन, टेरेन'. वैमानिकाला तो डोंगर डोळ्यांना दिसत असतो, त्याच्या बाजूने तो रोज जातो. पुन्हा आवाज. मग 'पुल अप'. निरभ्र आकाशात, रोज, प्रत्येक फेरीला. हा गोंगाट थांबवण्यासाठी एक बटण दिलेलं आहे आणि ते दाबायची सवय लागते. हवा स्वच्छ असते तोवर काही बिघडत नाही. ज्या दिवशी ढगात शिरायची वेळ येते, त्या दिवशीही बटण दाबलेलंच असतं. २०१६ मध्ये यंत्र चालू होतं, त्याने इशारे दिले होते. पण रोज खोटी ओरड ऐकलेल्या कानांना त्या दिवशीची खरी ओरड वेगळी वाटली नाही. यंत्र बंद असो की चालू, अर्थ एकच झाला.

यात वैमानिकाची चूक आहे का? आहे. मी ती झाकणार नाही. पण अशी चूक एकाच वाटेवर, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळी माणसं करत असतील, तर मला तिथे माणसापेक्षा वाटेची आणि व्यवस्थेची तपासणी करावीशी वाटते. जोमसोमला सकाळी नक्की काय दिसतंय, हे पोखऱ्यात बसलेल्याला कसं कळतं? मधल्या खिंडीचं कोण सांगतं? पुष्कळदा आधी गेलेल्या विमानाचा वैमानिक जे म्हणेल ते. आणि तो पोचला, एवढ्यावरून मागच्याने ठरवायचं. एक फेरी रद्द झाली की दिवसाचं सारं वेळापत्रक विस्कटतं, काउंटरवर माणसं अंगावर येतात, शेजारच्या कंपनीचं विमान उडालेलं दिसतं. हे सगळं कुठल्याच यंत्रात नोंदलं जात नाही. ब्लॅक बॉक्स कॉकपिटमधलं ऐकतो, काउंटरवरचं नाही.

ढगात गेल्यावर शरीराचं काय होतं, तेही थोडं सांगतो. आपला तोल कानातल्या द्रवावर चालतो. डोळ्यांना क्षितिज दिसत असतं, तोवर डोळे त्याच्या चुका दुरुस्त करतात. ढगात क्षितिज नाहीसं होतं. विमान हळूहळू एका बाजूला कलत गेलं, तर कानाला ते कळतच नाही. माणसाला वाटतं, आपण सरळ आहोत. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या या वैमानिकांना ढगासारख्या परिस्थितीत घातलं. वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. व्यावसायिक वैमानिकांना उपकरणांवर उडायचं शिक्षण असतं, पण त्यांचा आधार मग फक्त उपकरणंच. २४ ऑगस्ट २०१० रोजी अग्नी एअरचं डॉर्नियर लुक्लाला निघालं होतं. तिथे हवा खराब म्हणून ते परत फिरलं. परतताना जनित्र बंद पडलं, बॅटरी उतरली आणि क्षितिज दाखवणारं उपकरणही गेलं. बाहेर पावसाळी ढग. मकवानपूर जिल्ह्यात ते पडलं, १४ जण गेले. परत फिरायचा निर्णय अगदी बरोबर होता, तरी दुसरीच कडी तुटली.

मोठ्या विमानाचीही एक गोष्ट याच मालिकेत बसते म्हणून सांगतो. १५ जानेवारी २०२३ रोजी पोखऱ्यात यती एअरलाइन्सचं एटीआर पडलं, ७२ माणसं गेली. आकाश स्वच्छ होतं. पोखऱ्याचा नवा विमानतळ सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि नव्या धावपट्टीची ओळख करून देण्यासाठी प्रशिक्षक बरोबर होते. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली करायचा दांडा ओढायचा, त्याऐवजी प्रोपेलरची पाती वाऱ्याला समांतर करणारे दांडे ओढले गेले. इंजिनं फिरत राहिली, पण रेटा संपला. विमान हवेत असतानाच त्यातलं बळ गेलं आणि काय झालं, हे दोघांच्याही वेळेत लक्षात आलं नाही. अशी गल्लत जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर विमानांत वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकांचा दांडा ओढत. अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, की दोन्ही दांडे हाताला सारखेच लागतात. त्याने एकाला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसऱ्याला पंखाच्या. तेव्हापासून दांड्यांना वेगवेगळे आकार देतात. एटीआरमध्येही ते आहेत. पण नवा विमानतळ, नवं वळण, शिकवणं-शिकणं आणि उतरायची घाई एकाच वेळी डोक्यावर आली, की मुठीचा आकारही हाताला सांगेनासा होतो. असा ताण कुणावर येऊ नये, हे बघणं वैमानिकाचं काम नव्हतं. ते काम त्या दिवसाची फेरी आखणाऱ्यांचं होतं.

आपण सह्याद्रीवाले आहोत, तेव्हा डोंगर फक्त हिमालयातच मारतो असं कुणी समजू नये. ४ ऑगस्ट १९७९ रोजी इंडियन एअरलाइन्सचं पुण्याहून मुंबईला निघालेलं एचएस-७४८ विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं. ४५ माणसं गेली. पावसाळ्याचे दिवस, मुंबई दहा-पंधरा मिनिटांवर. या सभागृहातल्या ज्येष्ठांना ती बातमी आठवत असेल. काँग्रेस नेते माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला जाताना ज्या लहान विमानात होते, तेही खराब हवेत मैनपुरीजवळ पडलं.

आता उपायाकडे येतो, कारण हे नशिबाचं काम आहे असं मी मानत नाही. अलास्का हा असाच रस्ते नसलेला, डोंगराळ, ढगाळ प्रदेश. तिथेही लहान विमानांशिवाय चालत नाही आणि तिथेही ती अशीच पडत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सरकारने बेथेलच्या परिसरातल्या छोट्या विमानांत स्वखर्चाने उपग्रहावर चालणारे नकाशे आणि एकमेकांची जागा दाखवणारी उपकरणं बसवली. जोडीला खिंडींमध्ये आणि दुर्गम धावपट्ट्यांवर कॅमेरे लावले. साधे कॅमेरे. वैमानिक निघण्यापूर्वी पडद्यावर बघतो, खिंड दिसतेय की नाही. आज असे कॅमेरे दोनशेहून अधिक ठिकाणी आहेत. अपघात स्पष्टपणे कमी झाले. यात कुणाचं शौर्य लागलं नाही. निर्णय घ्यायच्या आधी माणसाच्या हाती खरी माहिती दिली, एवढंच.

नेपाळचं दुखणं याहून थोडं खोल आहे. विमानतळ चालवणारी आणि विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था तिथे एकच आहे. म्हणजे सेवा देणारा तोच आणि तपासणाराही तोच. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनेही २०१३ मध्ये गंभीर शेरा मारला होता, तो २०१७ मध्ये मागे घेतला. युरोपचं म्हणणं मात्र कायम आहे, की आधी ही दोन कामं वेगळी करा. त्यासाठीची विधेयकं वर्षानुवर्षं रेंगाळली आहेत. माझं स्पष्ट मत आहे, की जोमसोमच्या वाटेवर नवी विमानं आणून जेवढं साधेल, त्यापेक्षा जास्त या एका निर्णयाने साधेल. ज्याला फेरी रद्द झाल्याने तोटा होत नाही, अशा कुणाकडे तरी फेरी रोखायचा अधिकार असायला हवा.

शेवटी आपल्यापैकी मुक्तिनाथाला जाणाऱ्यांना एक विनंती. यात्रा आखताना पोखऱ्यात एक जादा दिवस ठेवा. काठमांडूहून परतीचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका. टूर कंपनीला बुकिंगच्या वेळीच विचारा, की फेरी रद्द झाली तर काय करणार. पोखरा ते जोमसोम आता जीपने जाता येतं. रस्ता वाईट आहे, दिवस मोडतो, पण पोचता येतं. आणि विमानतळावर सकाळी कुणी येऊन सांगितलं, की हवा ठीक नाही, आज विमान जाणार नाही, तर त्याच्याशी भांडू नका. शेजारच्या कंपनीचं गेलं मग तुमचं का नाही, असं विचारू नका. त्याला धन्यवाद द्या आणि दुसऱ्या दिवशी या.